दर वैशाखात पाणी देऊनही झाडं माना टाकतात, ठिबकच्या नळ्या फुटतात: काय तपासायचं?

परभणीत आमच्या घराच्या पुढे-मागे मिळून अर्धा गुंठा मोकळी जागा आहे, आणि गच्चीवर तीसेक कुंड्या. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, मोगरा, शेवगा, तुळस, थोडी वांगी-मिरची-टोमॅटो. एप्रिलचा मध्य उलटला की दरवर्षी तेच रडगाणं सुरू व्हायचं. सकाळी पाणी दिलेलं झाड दुपारी मान टाकतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. जास्वंदीच्या कळ्या न उमलता गळतात. टोमॅटोला फुलं येतात, फळ एक धरत नाही. त्यातच ठिबकच्या नळीला रोज एखादं नवीन भोक, आणि वाफ्यातली मेथी बुलबुल खुडून खाणार. मृग लागेपर्यंत निम्मी बाग गेलेली असायची.

चार उन्हाळे मी याला एकच औषध केलं: आणखी पाणी. त्यानेच जास्त झाडं गेली. गेल्या दोन वर्षांत एकेक कारण वेगळं काढून बघितलं, तेव्हा गाडी रुळावर आली. तुमच्याकडेही हेच होत असेल तर मी ज्या क्रमाने तपासलं त्याच क्रमाने तपासा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरून सगळी लक्षणं सारखीच दिसतात.

आधी संध्याकाळी बघा, मग पाण्याचा पाइप धरा

दुपारी दोन वाजता झाडाने मान टाकली यावरून काहीच ठरवता येत नाही. पारा ४२-४३ अंशांवर असतो, वारा कोरडा असतो, आणि पानांतून पाणी जितक्या झपाट्याने उडतं तितक्या वेगाने मुळं ते वर चढवू शकत नाहीत. माती ओली असली तरीही. मग पान लोंबतं. लोंबलेल्या पानावर ऊन सरळ पडत नाही, म्हणजे झाड स्वतःला वाचवतच असतं. सूर्य कलला की ते आपोआप उभं राहतं.

हे मला सासूबाईंनी दाखवलं. मी भर दुपारी जास्वंदीला बादली रिकामी करत होते. त्या ओसरीवरून म्हणाल्या, "कशाला ओतायलीस माय? पाणी घालू घालू मारायलीस त्याला. दिवस मावळल्यावर बघ जरा." सात वाजता बघितलं तर पाणी दिलेली आणि न दिलेली, दोन्ही जास्वंदी सारख्याच ताठ उभ्या होत्या.

म्हणून पहिली तपासणी ही: सूर्य मावळल्यावर तासाभराने बघायचं, आणि पुन्हा पहाटे उजाडताना बघायचं. दोन्ही वेळा झाड ताठ असेल तर त्याला पाणी पुरतंय, दुपारचं लोंबणं मनावर घ्यायचं नाही. पहाटेही मान खालीच असेल तर मात्र मुळाशी खरंच काहीतरी बिघडलंय. ते काय, हे वरून कळत नाही, खाली बघावं लागतं.

खुरप्याने बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बोटं खोल उकरा आणि माती मुठीत दाबा. भुगा झाला तर ती खरी तहान. गोळा झाला, हाताला गार लागला आणि तरीही झाड पहाटे मलूल असेल, तर मुळं गुदमरली आहेत. पाण्याने मातीतली हवा हाकलली की मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाण्यात उभी असूनही पाणी ओढू शकत नाहीत. वरून मात्र झाड तहानलेलंच दिसतं. मग आपण आणखी पाणी घालतो. माझं सहा वर्षांचं डाळिंब असंच गेलं. उपटलं तेव्हा मुळांची साल बोटाने सुटून येत होती आणि मातीला नासक्या पाण्याचा वास होता. अशा झाडाचं पाणी तोडा, बुंध्याभोवतीची माती हलकी उकरून मोकळी करा, सावली करा, आणि आठवडाभर हात लावू नका. लवकर लक्षात आलं तर झाड सावरतं.

काळी माती फसवते

आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. शेतात ते सगळ्यांना दिसतं, कुंडीत कुणी बघत नाही. कुंडीतली काळी माती एकदा पूर्ण वाळली की ती कडेपासून सुटते. मातीचा गोळा आणि कुंडीची भिंत यांच्यात बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी तुडुंब भरली. मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो.

माझ्या गच्चीवरच्या निम्म्या कुंड्यांचा आजार हाच होता. ओळखायला सोपं आहे: पाणी घातल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ते खालून बाहेर आलं तर फट आहे असं समजा. आणि कुंडी उचलून बघा. पाणी दिल्यावरही ती हलकीच लागत असेल तर शंका उरत नाही.

अशी कुंडी घमेल्यात किंवा टबात पाणी घेऊन त्यात अर्धा-पाऊण तास ठेवायची. खालून पाणी चढतं, माती फुगते, फट मिटते. नंतर कडेने काडीने माती दाबून घ्यायची. दिवाळीनंतर कुंड्या भरताना काळ्या मातीत जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळलं की पुढच्या उन्हाळ्यात हा त्रास फारसा होत नाही. जमिनीतल्या वाफ्याला भेगा पडल्या असतील तर एकदम पाणी सोडू नका, ते भेगांतून खोल निघून जातं. आधी वरच्या मातीची खुरपणी करून भेगा बुजवा आणि मग थोडं थोडं द्या.

कुठलं पाणी देताय?

हे सगळ्यात उशिरा माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त झाडं यानेच आजारी पडतात.

पानांच्या फक्त कडा आणि टोकं तपकिरी, मधला भाग हिरवा, सुरुवात जुन्या खालच्या पानांपासून, आणि कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर: हे दिसलं की क्षार साठलेत असं समजा. बोअरचं पाणी कठीण असतं. रोज थोडं थोडं पाणी दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दिवसातून तीनदा शिंपडणाऱ्याच्या कुंडीत ते सगळ्यात वेगाने साठतात, कारण पाणी कधीच खालपर्यंत जाऊन क्षार धुऊन नेत नाही.

आता कूलरचं. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर असतो आणि आठवड्याला टाकी रिकामी करताना ते पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून आपण झाडांना ओततो. मीही चार वर्षं तेच केलं. पण कूलर काय करतो? पाणी उडवतो. वाफ खोलीत जाते, क्षार टाकीत राहतात, त्यात पुन्हा बोअरचं पाणी भरतो, ते पुन्हा उडतं. आठवड्याने टाकीत उरतं ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारं असतं. कूलरच्या ताट्यांवरचा पांढरा खडबडीत थर बघा, तेच आपण कुंडीत घालत असतो. आमच्या मागच्या दाराजवळचा कढीपत्ता दर मे महिन्यात अर्धा बोडका व्हायचा, कारण कूलरची टाकी तिथेच रिकामी व्हायची. पाणी बंद केल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्याची पानं टिकली.

आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणीही असंच, मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं. त्याने फरशी पुसा, झाडांना नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र उलट आहे. ते हवेतली वाफ थिजून झालेलं असल्याने त्यात क्षार जवळपास नसतात. ते बादलीत धरून बोअरच्या पाण्यात मिसळा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं पाणी कुंडीत नको.

पुस्तकात उपाय लिहिलेला असतो तो असा: कुंडीत जेवढी माती त्याच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. उपाय बरोबर आहे. पण मे महिन्यात मराठवाड्यात कुंडी धुवायला एवढं गोडं पाणी कुठून आणायचं? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. माझं माहेर लातूरचं, त्या दिवसांत घागरी मोजून वापरलेल्या मी बघितल्यात. तेव्हापासून झाडांसाठी टँकर मागवायला माझं मन घेत नाही. मी एवढंच करते: मातीवरचा इंचभर थर पांढऱ्यासकट खरवडून काढते, त्या जागी शेणखत आणि नवी माती घालते, आणि धुण्याचं काम मृगाच्या पहिल्या दोन-तीन पावसांवर सोडते. पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखालून उघड्यावर आणून ठेवायच्या. पाऊस ते काम फुकटात आणि आपल्यापेक्षा चांगलं करतो.

बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. अहवालात विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती आहेत याचं माप, बघायची. ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर फारशी काळजी नाही, त्यापुढे जपून, आणि २.२५ च्या वर गेली तर ते पाणी कुंडीसाठी नकोच. जमिनीतल्या शेवग्याला, कडुनिंबाला ते सोसतं, कुंडीतल्या लिंबाला सोसत नाही.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, आणि तेही कोवळ्या शेंड्याकडच्या पानांवर, असं मोगऱ्यावर आणि लिंबावर दिसलं तर तो वेगळा प्रश्न. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. त्याला चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी लागते. पण तीही ऊन उतरल्यावर, आणि जमलं तर पावसाळ्याच्या तोंडाशी.

वेळ आणि मडकं

पाणी सकाळी सातच्या आत. गच्चीवरची काळी नळी दहा वाजल्यानंतर इतकी तापते की पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते सरळ मुळांवर गेलं तर मुळं भाजतात. संध्याकाळी द्यायचं असेल तर नळीतलं आधीचं पाणी बादलीत काढून गार होऊ द्या.

माझ्या बागेला सगळ्यात मोठा आधार मडक्यांचा झाला. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला करा आणि केळी ही मातीची मडकी पाण्याने भरून पुजतात. नवी केळी आली की मागच्या वर्षीची रिकामी होते. ती मी झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरते, पाणी भरते आणि वर परळ, म्हणजे मातीची पसरट थाळी, झाकते. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपतं. भोवतालची माती कोरडी झाली की जास्त, ओली असली की कमी. एक केळी भरली की दोन-तीन दिवस बघावं लागत नाही. झाकण मात्र हवंच, नाहीतर डास होतात. आपल्या कठीण पाण्याने मडक्याची छिद्रं वर्षभरात बुजत जातात, पण तोवर पुढची अक्षय्य तृतीया आलेली असते.

मातीवर आच्छादन घाला. आपल्याकडे सोयाबीनची गुळी कुठेही मिळते, नाहीतर गव्हाचा भुसा, उसाचं पाचट, वाळका पाला. तीन इंच थर पुरे. बुंध्याला टेकवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते. मी पहिल्या वर्षी गुळी बुंध्याला लावून रचली आणि शेवग्याच्या सालीवर मातीची नळकांडी उठली.

एकाच बाजूची पानं जळत असतील

मग पाण्याकडे बघूच नका. पश्चिमेची भिंत, पत्रा, काळी प्लास्टिकची कुंडी, यांतलं काहीतरी आहे. दुपारी तीनला कुंडीच्या पश्चिम अंगाला हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर त्या बाजूची मुळंही टेकत नसणार. कुंडीला ओलं बारदान गुंडाळा, किंवा लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरा. हिरवी जाळी लावायची तर ५० टक्के सावली देणारी पुरते, आणि डोक्यावर लावण्याइतकीच पश्चिमेच्या बाजूने लावणं गरजेचं आहे. सकाळचं ऊन झाडांना हवं असतं, ते अडवू नका. मोगऱ्याला तर जाळीखाली नेऊच नका, त्याला ऊन लागतं. माझा मोगरा जाळीखाली एका महिन्यात नुसता पानांचा झाला.

टोमॅटोची फुलं गळतात त्यावर काही उपाय नाही. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गारवा नसला की त्यातले परागकण निकामी होतात. दुकानातून टॉनिक आणू नका, युरिया तर मुळीच नको. झाड जगवा, पावसाळ्यात फळ धरेल. उन्हाळ्यात गवार आणि भेंडी लावा, ती या उन्हात फळतात.

वांगी, भेंडी, गुलाब यांच्या पानांवर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसले, पान धुळकट वाटलं आणि खालून बारीक जाळं असलं तर लाल कोळी आहे. कोरड्या उन्हात त्याची पैदास फार झपाट्याने होते. पांढऱ्या कागदावर पान झटका, हलणारे ठिपके दिसतील. पहाटे पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा सलग चार-पाच दिवस मारा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, दिवस मावळल्यावर. या उन्हात गंधक फवारू नका, पानं करपतात.

नळ्या कोण फोडतं?

मला आधी वाटलं उंदीर. सापळा लावला, उंदीर आलाच नाही. मग एका रविवारी दुपारी खिडकीशी बसून राहिले. साडेबाराला खार आली. भिंतीवरून उतरली, नळीवर दोन्ही पाय ठेवले आणि ड्रिपरच्या शेजारी कुरतडायला लागली. अर्ध्या मिनिटात पाणी उडालं. ती प्यायली, मिशा पुसल्या, गेली. तिच्या मागोमाग दोन बुलबुल आणि एक साळुंकी त्याच भोकाशी आले. मग वाफ्यात गेले आणि मेथीची कोवळी पानं तोडायला लागले. त्या दिवशी मी गलोल, जाळी आणि पत्र्याचे डबे हे सगळं बाजूला ठेवलं. तहानेने जीव व्याकुळ झालेला प्राणी पाण्याचा आवाज ऐकून येतो, त्याला हाकलून भागत नाही.

खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे ती काही ना काही कुरतडणारच. पण उन्हाळ्यात नळीच कुरतडते, कारण त्यातून पाणी निघतं हे ती एकदा शिकलेली असते. एक भोक उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं पडतं. म्हणून पहिलं काम, भोक त्याच दिवशी बुजवायचं. बारीक भोकाला गूफ प्लग (भोकात बसणारं छोटं बूच), मोठ्याला तेवढी नळी कापून जॉइनर. १६ एमएमचे पाच-दहा जॉइनर घरात ठेवाच. नळी आच्छादनाखाली दाबा. भिंतीच्या कडेने जाणारा तुकडा जुन्या पीव्हीसी पाइपातून घाला, खारीला पाय रोवायला जागा राहत नाही.

दुसरं काम, पाणी ठेवायचं. यात मी आधी चूक केली. एकच भांडं, तेही स्टीलचं, तेही ठिबकच्या शेजारी ठेवलं. दुपारपर्यंत ते तापायचं आणि खारी पुन्हा नळीकडे वळायच्या. आता तीन मातीचे परळ आहेत. एक शेवग्याच्या सावलीत जमिनीवर, खारींसाठी. दोन कंबरेएवढ्या उंचीवर पक्ष्यांसाठी, दाट झुडपापासून आठ-दहा फूट दूर, म्हणजे मांजर दबा धरून बसू शकत नाही. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नाही. प्रत्येकात एक-दोन खडबडीत दगड पाण्याबाहेर डोकावतील असे ठेवलेत, कारण मधमाश्यांनाही पाणी लागतं आणि गुळगुळीत काठावरून त्या घसरून बुडतात. कूलरजवळ माश्या घोंगावत असतील तर त्याही पाण्यासाठीच आलेल्या असतात. ओल्या दगडाचा परळ थोडा दूर ठेवा, काही दिवसांत तिकडे वळतात.

पाणी रोज सकाळी बदला आणि आठवड्यातून दोनदा परळ नारळाच्या शेंडीने घासून वाळवा. नुसतं पाणी ओतून दिल्याने डासांची कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

आणि हे मार्चमध्येच सुरू करा. एप्रिलअखेर नळी फोडायची सवय लागलेली खार आठवड्यात सुधारत नाही, मला तीन आठवडे लागले. त्याआधीच्या मे महिन्यात मी एकवीस भोकं बुजवली होती, गेल्या मे महिन्यात चार. शून्य झाली नाहीत, होतील असं वाटतही नाही. मेथीवर मात्र जाळी लागतेच, कोवळा पाला बुलबुल पाणी असतानाही खातो. जाळी ताणून बांधा आणि जमिनीशी पक्की दाबा. सैल जाळीत पक्षी आणि साप दोघंही अडकतात.

ओल्या कोपऱ्यात हात घालण्याआधी

उन्हाळ्यात बागेत गारवा एवढाच असतो: कुंडीखाली, विटांच्या आड, आच्छादनाखाली. तिथे बेडूक येतो, पाली येतात, आणि त्यांच्या मागे साप. विंचूही. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाते, तिला जाऊ द्या. पण घोणस पाचोळ्यात ओळखू येत नाही. कुंडी सरकवताना आधी काठीने हलवा, आच्छादन हाताने उपसू नका, संध्याकाळी पाणी देताना पायात बूट आणि हातात बॅटरी असू द्या. लहान मुलं असतील तर जमिनीवरचा परळ घराच्या दारापासून लांब ठेवा. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, झाडपाला यात एक मिनिटही घालवू नका, सरळ सरकारी रुग्णालयात जा, प्रतिविष तिथे मिळतं. विंचवाचंही तसंच. आपल्याकडच्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो.

सध्याची परिस्थिती

हे लिहितेय तेव्हा रोहिणी लागायला चार दिवस आहेत. कढीपत्ता हिरवा आहे, लिंबाच्या जुन्या पानांच्या कडा अजून थोड्या करपतात, म्हणजे त्या कुंडीतले क्षार पुरते गेलेले नाहीत. काल रात्री वळवाचे टपोरे थेंब पडले, माती भिजली नाही. असा शिडकावा झाला की पाणी चुकवू नका. वरची माती ओली दिसते, चार बोटं खाली कोरडीच असते.

एक अडचण सोडवता आलेली नाही. जास्वंदीच्या कुंडीत नळीचं भोक आहे आणि ते बुजवायला फांद्या बाजूला साराव्या लागतात. त्या फांद्यांत बुलबुलाने घरटं केलंय, तीन पिल्लं आहेत, अजून डोळेही उघडलेले नाहीत. म्हणून तेवढ्या नळीचं तोंड एंड कॅपने बंद केलंय. त्या जास्वंदीला पहाटे, मादी चारा आणायला गेली की, मी तांब्याने पाणी घालते. पिल्लं उडायला दहा-बारा दिवस लागतील. तोवर मृग जवळ आलेला असेल.